छाटणीची मजुरी घ्या, ती लाकडात शोधू नका

नागपूरचे एक वाचक लिहितात: वय ३२, लग्न झालेलं, एक मुलगी. गेली नऊ वर्षं ते एका ठेकेदाराकडे झाडांच्या छाटणीचं काम करतात आणि झाडावर चढणारे तेच असतात. कामं बंगले, सोसायट्या आणि शाळांची. ठेकेदार मालकांकडून नाममात्र पैसे घेतो, कधी तेही घेत नाही. लाकूड मात्र उचलतो आणि टालावर, म्हणजे सरपणाच्या वखारीत, विकतो. "खरी कमाई लाकडात आहे, आम्ही रोजीवरच राहिलो," असं या वाचकांना वाटतं. म्हणून आता स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं आहे. एक चेनसॉ, जुना छोटा हत्ती आणि हिंगणा रोडकडे साळ्याचा रिकामा प्लॉट एवढ्या भांडवलावर छाटणी फुकट करून द्यायची आणि लाकूड आपण न्यायचं, असा बेत आहे. पहिलं काम दारात आलंय. एका ले-आउटमधल्या घरमालकांना अंगणातला सुमारे ४० वर्षांचा कडुनिंब नकोसा झाला आहे. पाल्याचा कचरा होतो, कंपाउंडच्या भिंतीला तडे गेलेत. परवानगीच्या भानगडीत त्यांना पडायचं नाही. "रविवारी सकाळी येऊन बोडखा करून टाका, वर्षभरात आपोआप वाळेल," असं ते म्हणतात. इकडे पत्नी म्हणते, चढायचं काम सोडा आणि एखाद्या दुकानात नोकरी धरा. वाचकांचे प्रश्न तीन आहेत: ठेकेदाराचं काम सोडावं का, मुख्य धंदा छाटणीचा धरावा की लाकडाचा, आणि हा कडुनिंब घ्यावा का.

भाऊ,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण रविवार जवळ आहे. हा कडुनिंब या अटीवर घेऊ नका.

महापालिका हद्दीतलं झाड खाजगी अंगणात असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ त्याला लागू होतो. या कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. त्यामुळे बुंधा उभा ठेवून वरचं सगळं उतरवलं, तर त्याला छाटणी म्हणून सुटता येत नाही. शिवाय तोडायला लावणारा जितका जबाबदार, तितकाच तोडणाराही. प्रकरण निघालं तर मालक सांगतील की माणसांनी जास्त कापलं, आणि करवत तुमच्या हातात असेल. इतके दिवस पुढे ठेकेदाराचं नाव होतं, आता तुमचं असणार आहे.

रीतसर मार्ग असा. महापालिकेच्या उद्यान विभागात मालकाच्या सहीने अर्ज जातो, झाडाची पाहणी होते, हरकती मागवल्या जातात आणि वृक्ष प्राधिकरण निर्णय देतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. परवानगी मिळून झाड तोडलं, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. हा कडुनिंब ४० वर्षांचा असेल तर ४० रोपं. मालकांना हे पहिल्या भेटीतच सांगा.

आता "आपोआप वाळेल" याबद्दल. कडुनिंब असा वाळत नाही. बोडखा केला की सालीखाली निजलेले डोळे जागे होतात आणि प्रत्येक कापाभोवती डझनभर धुमारे फुटतात. नेहमीची फांदी वर्षानुवर्षं खोडाच्या आत रुजत वाढलेली असते. हे धुमारे मात्र बाहेरच्या थराला चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात, तोवर खालचा उघडा काप कुजायला लागलेला असतो. मग मृगाआधीच्या वादळात ते धुमारे बुडापासून फाटून छतावर येतात. म्हणजे त्या मालकांना आज नुसता कचरा करणारं झाड नको आहे, आणि तीन वर्षांनी त्यांच्या घरावर खरोखर धोकादायक झाड उभं असेल.

भिंतीच्या तड्यांचंही एकदा नीट पाहा. नागपुरात बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि उथळ पायाची कंपाउंड भिंत ओढून फाडते. तडा मे महिन्यात रुंद होऊन सप्टेंबरात मिटत असेल, तर मूळ दुखणं मातीचं आहे. झाड ती माती आणखी सुकवतं हेही खरं. पण मोठं झाड एकदम काढलं की ते जे पाणी ओढत होतं ते मातीतच राहतं, माती फुगते आणि तडे उलट्या बाजूने वाढू शकतात. भिंतीखाली खरंच मूळ शिरलं असेल तर तिथे दोन फूट खणून डोळ्यांनी बघा. तेवढ्या जागेपुरता भिंतीत मुळावरून लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, टाकणं झाड तोडण्यापेक्षाही स्वस्त पडतं.

मालकांना पर्याय द्या: वाळलेल्या फांद्या काढू, छतावर झुकलेल्या मागे घेऊ, खालच्या दोन-तीन उतरवून अंगण मोकळं करू. एका वेळी हिरव्या पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. यासाठीही अर्ज देऊन पोच घ्या. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या उन्हात सावलीत वाढलेली साल एकदम उघडी पडली तर ती भाजते, फुटते, आणि तिथून किडा शिरतो. मेमध्ये फक्त वाळलेलं आणि मोडकं काढायचं. तेवढं मात्र पावसाआधी काढायलाच हवं.

फांदी कशी कापायची हे तुम्हाला ठाऊक असेल, पण ठेकेदाराच्या घाईत जी सवय लागते ती इथे मोडा. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून काप, फांदीच्या जाडीच्या पाव भागापर्यंत. मग त्याच्या दोन बोटं बाहेर वरून काप. वजन सालीची पट्टी न फाडता खाली जातं. राहिलेला ठुण शेवटी कापायचा, आणि तो खोडाला सपाट करून नव्हे. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडं असतं त्याच्या अगदी बाहेरून कापा. झाड कापलेली जागा पुन्हा भरत नाही, ती आतून बंद करतं, आणि बंद करणारा भाग त्या कड्यात असतो. कडं कापलं की कुज थेट खोडात जाते. लांब ठुण ठेवला तरी तेच होतं. वरून डांबर किंवा रंग फासायची गरज नाही, त्याखाली ओल अडकते.

आता मूळ बेताकडे येऊ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं: "लाकूड तर फुकटच मिळतं."

ते फुकट मिळत नाही. ठेकेदाराला ते स्वस्त पडतं, कारण ते मिळवण्याची मजुरी तो तुम्हाला कमी देतो. उद्या तुम्ही छाटणी फुकट करून द्याल, तेव्हा ती मजुरी कोण सोसणार? तुम्ही आणि तुमच्या हाताखालची दोन पोरं.

एक खेप मोजून बघू. छोटा हत्ती साधारण साडेसात क्विंटल नेतो. ताज्या लाकडाच्या वजनात झाडानुसार ४० ते ५० टक्के पाणी असतं. ४५ टक्के धरा. जाळण्याजोगं लाकूड म्हणजे २० टक्क्यांपर्यंत उतरलेली ओल. तिथवर येईपर्यंत ओल्या क्विंटलचे ६९ किलो उरतात, म्हणजे साडेसात क्विंटलचे पाच-सव्वापाच. ते तोडायला, फोडायला आणि रचायला एका माणसाचा दिवस जातो. कडुनिंब असेल तर जास्त, कारण त्याचा रेषा पिळलेला असतो आणि पाचर सरळ जात नाही. ही झाली जाड लाकडाची खेप. पण झाडावरून उतरतं त्यात पाला आणि काड्याच जास्त असतात. त्यांनी गाडी वजनाने भरायच्या आधी आकारानेच भरते. त्या खेपांचं डिझेल कोणी देत नाही, आणि पाला कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. जाळून टाकणं हा उपाय नाही, उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे.

याहून मोठी गोष्ट अशी की तुमची कमाई लाकडावर अवलंबून राहिली, तर प्रत्येक झाडापाशी तुम्हाला जास्त कापायचा मोह होईल. वाळलेली काडी विकली जात नाही, जाड हिरवी फांदी विकली जाते. मालकाला आणि झाडाला नेमकं उलट हवं असतं. तुम्ही मनाने सरळ आहात, पण महिन्याचा हप्ता डोक्यावर असताना चौथ्या हिश्शावर करवत थांबवणं कठीण जातं. या कामात तुमचं नाव चांगल्या छाटणीवरच उभं राहील. म्हणून छाटणीचे पैसे छाटणीतूनच घ्या.

भाव दोन ओळींत लिहून द्या. पहिल्या ओळीत काम: चढणारा, खालची दोन माणसं, मशीनचं पेट्रोल आणि साखळी, गाडीच्या खेपा, पाल्याची विल्हेवाट, विमा, आणि वर तुमचा नफा. दुसऱ्या ओळीत लाकूड: मालकाने ठेवलं तर पूर्ण रक्कम, आम्ही नेलं तर इतकी सूट. ही सूट टालावरच्या ओल्या लाकडाच्या भावाच्या निम्म्याहून कमीच ठेवा. फोडणं, वाळवणं आणि घट तुमच्या माथी आहे. काही गिऱ्हाइकं हा कागद पाहून फुकटवाल्याकडे जातील. त्यांना जाऊ द्या. सोसायट्या, शाळा, दवाखाने यांना पावती आणि परवानगीचा कागद लागतो, तिथे हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.

लाकूड कोणाचं हेही त्याच कागदावर लिहून घ्या. अंगणातल्या झाडाचं लाकूड मालकाचं, पण रस्त्याकडेच्या झाडाचं महापालिकेचं. ते उचलून नेणं म्हणजे सरकारी माल नेणं. साग, चंदन, खैर, मोह अशा झाडांना वेगळे आणि कडक नियम आहेत. ग्रामीण भागात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा अनुसूचित झाडांना लागतो, त्यात आंबा, चिंच, जांभूळही आहेत. काही जातींना वाहतूक परवाना लागतो, काहींना सूट आहे. प्लॉट हिंगण्याकडे आहे, म्हणजे गाडी हद्द ओलांडणार. वन विभागाच्या कार्यालयातून आजची यादी घ्या, लाकडाचा साठा आणि विक्री करायला काय नोंदणी लागते तेही लेखी विचारा. फोडायला गोल पात्याची आरामशीन बसवायचा विचार असेल, तर ती घ्यायच्या आधी परवान्याचं विचारा. गाडीत प्रत्येक खेपेला परवानगीची प्रत, मालकाची चिठ्ठी, झाडाची जात आणि तारीख असू द्या.

मग लाकडाचा धंदा करूच नये का? जरूर करा, पण ते वाळवून विकायचं काम आहे असं समजून करा. टालावर ओलं लाकूड वजनावर जातं, म्हणून वाळवणं म्हणजे वजन गमावणं असं तुम्हाला वाटतं. गिऱ्हाईक मात्र वजन जाळत नाही, त्याला आच हवी असते. ४५ टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे २२०० किलोकॅलरी हाती लागतात, कारण आधी आतलं पाणी उकळून जावं लागतं. २० टक्के ओलीच्या किलोतून ३४०० च्या आसपास मिळतात, म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. तुमची घट भरून काढायला भाव सुमारे १.४५ पट हवा. याचा अर्थ तुम्ही तेवढा जास्त भाव घेतला तरी ढाबेवाल्याला प्रत्येक रुपयाला आच जास्तच मिळते, आणि धूर कमी होतो तो वेगळाच. त्याला तोंडी पटवू नका. २० किलो नेऊन द्या आणि भट्टीत त्यालाच लावू द्या.

जातीबद्दलही एक गैरसमज असतो. वाळलेल्या लाकडाची किलोमागची आच सगळ्या जातींत जवळपास सारखीच असते. फरक घनतेचा. बाभूळ किंवा कडुनिंबाची नीट रचलेली एक घनमीटर थप्पी वाळल्यावर चार-साडेचार क्विंटल भरते, गुलमोहराची तीनच्या आसपास. बाभूळ आणि चिंच निखारा धरतात, गुलमोहर भडकून लवकर संपतो. कडुनिंबाचा धूर कडवट, म्हणून स्वयंपाकापेक्षा पाणी तापवायच्या बंबाला बरा. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या जुन्या बागा मोडतात तेव्हा ते लाकूड जरूर मिळवा, ते घट्ट असतं आणि छान जळतं. वड, पिंपळ, उंबर बरेच लोक चुलीत घालत नाहीत, तो माल भरून ठेवू नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर सरपणात येऊच देऊ नका. त्यांचा धूरही विषारी असतो, चुकून एक फांदी थप्पीत गेली तर ती कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोचते. रंग लावलेल्या फळ्या, जुन्या चौकटी याही नकोत. आणि सरळ, जाड, दोन मीटरच्या वरचा बुंधा निघाला तर तो फोडण्याआधी लकडगंजच्या लाकूडबाजारात विचारून या. शिरीष किंवा कडुनिंबाच्या चांगल्या ओंडक्याला इमारती लाकूड म्हणून सरपणापेक्षा जास्त पैसे येतात.

वाळवायची रीत. लाकूड आल्या आल्या ओलं असतानाच फोडा. बाभूळ वाळल्यावर कुऱ्हाड उडवून लावते. साल हा पाण्याचा कोट आहे, अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आत ओला राहतो आणि सालीखाली भुंगा लागून पिवळं पीठ पडायला लागतं. मनगटाएवढ्या फाळी करा. घरगुती चुलीसाठी फूटभर लांब, ढाब्याच्या भट्टीसाठी दीड फूट. खाली विटा किंवा जुने पॅलेट टाकून जमिनीपासून वीतभर उचला, नाहीतर खालचा थर वाळवी खाते. दोन रांगांत दोन फूट जागा सोडा. पत्रा फक्त वर टाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड आतून घामेजतं आणि बुरशी धरतं. मार्च ते मे या फाळी दोन महिन्यांत उतरतात, हिवाळ्यात तीन-चार लागतात, पावसाळ्यात वाळत नाहीत, फक्त राखल्या जातात. थप्पीतून पाच फाळी निवडा, खडूने नंबर टाका आणि दर आठवड्याला तोला. सलग दोन आठवडे वजन हललं नाही की माल तयार. ओल मोजायचं पिनांचं यंत्र घेतलंत तर फाळ पुन्हा फोडून आतल्या बाजूला टोचा, बाहेरून ते नेहमी कोरडंच दाखवतं.

खरी संधी जून ते सप्टेंबरमध्ये आहे. सगळ्यांचा माल भिजलेला असतो तेव्हा कोरड्या लाकडाला गिऱ्हाईक स्वतःहून शोधत येतं. त्यासाठी मेअखेर छपराखाली साठा हवा. २० टन म्हणजे एक मीटर रुंद, दीड मीटर उंच आणि तीसएक मीटर लांब थप्पी, तीही तुकड्यातुकड्यांत, मधे मोकळी वाट सोडून. कोरड्या लाकडाच्या एवढ्या ढिगाला आग लागली तर ती बादलीने विझत नाही. वरून विजेची तार जात असेल तर तो प्लॉट नको. पाण्याची टाकी आणि वाळू जवळ ठेवा, आणि साळ्याबरोबर जागेचा करार घरचाच माणूस म्हणून तोंडी ठेवू नका.

यातून दिसतं ते असं की लाकडात पैसा तीन ते सहा महिने अडकतो. घर त्यावर चालत नाही. घर छाटणीवर चालेल, लाकूड वरकड देईल. नागपूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी आहे. शहरातल्या लाकडाच्या भट्ट्यांवर पुढे बंधनं येऊ शकतात, तेव्हा सगळा माल दोन-चार हॉटेलांच्या भरवशावर ठेवू नका. वर्धा रोड, अमरावती रोडचे ढाबे, लग्नसराईचे केटरर, थंडीतल्या शेकोट्या असं विखुरलेलं गिऱ्हाईक बरं. स्मशानघाटांवरचा पुरवठा निविदेतून जातो, बिलं अडकतात, आणि आता तिथे मोक्षकाष्ठ, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेलं सरणही आलं आहे. सुरुवातीला त्यात शिरू नका. बारीक फांद्यांचा भुसा करून संत्र्याच्या बागेत आच्छादन म्हणून देता येतो. फक्त शेतकऱ्याला सांगा की तो मातीवर पसरायचा, मातीत मिसळायचा नाही. ताजा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढतो.

आता वहिनींचं म्हणणं. त्या घाबरट नाहीत, त्यांना बरोबर दिसतं आहे. आज तुम्ही ज्या पद्धतीने चढता ती पद्धत खरंच जीवघेणी आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय, "दोर कमरेला बांधतो." कमरेच्या दोराने पडणं थांबतं, पण झटका पोटावर आणि मण्यांवर बसतो, आणि लटकलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. मांड्यांना आणि कमरेला धरणारं, झाडावर बसून काम करायचं हार्नेस घ्या. वर करवत चालू असताना दोन ठिकाणी बांधलेले असा: एक दोर डोक्यावरच्या पक्क्या दुबेळक्यात, दुसरा खोडाभोवतीचा, शक्यतो आत तार असलेला, म्हणजे साखळी चुकून लागली तरी तुटणार नाही. मनगटापेक्षा बारीक फांदीला हातकरवतच वापरा. जमिनीवर वापरायची मोठी चेनसॉ एका हाताने वर चालवणं बंद करा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते, आणि झाडावर मागे सरकायला जागा नसते.

डोक्यावर जाळीचं हेल्मेट, कानाला मफ, पायात साखळी अडकवणारी पँट, जाड बूट. या सगळ्याची किंमत मशीनएवढी होते, म्हणून लोक टाळतात. तुम्ही मशीन थोडी लहान घ्या आणि हे पूर्ण घ्या. सुरुवातीला १४ ते १६ इंची पट्टीची एकच पुरे, मोठ्या बुंध्याला भाड्याने आणा. पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, तेही कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं ऑइल असेल तर. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओल धरते, तेव्हा मशीन आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. साखळीतून ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं की ती बोथट झाली आहे. बोथट साखळीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना हात घसरतो. नागपूरच्या रस्त्यांवरच्या झाडांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे आणि जुन्या ट्री-गार्डच्या तारा खोल गेलेल्या असतात. बुंध्याच्या पहिल्या सहा फुटांत करवत घालण्याआधी हाताने चाचपून बघा.

विजेच्या तारेबाबत ऐकीव गोष्टीवर चालू नका. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, तारेपासून माणूस, फांदी आणि हत्यार तीन मीटर लांब. ओली हिरवी फांदी वीज वाहते, तारेला हात लागायची गरजही नसते. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात अर्ज देऊन लाइन बंद करून घ्या. "बंद केली" असं फोनवर कळणं पुरेसं नाही, लाइनमनने जागेवर येऊन अर्थिंग करेपर्यंत चढू नका. आग्या मोहोळ दिसलं तर काम थांबवा. आणि बुंध्याशी छत्रीसारखी बुरशी आली असेल, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, किंवा सिमेंट रस्त्याच्या कामात एका बाजूची मुळं तोडली असतील, तर त्या झाडावर चढायचंच नाही. मालकाला शिडीची गाडी किंवा क्रेन सांगा, नाहीतर काम सोडा. असं झाड हिरवंगार दिसतं आणि पहिल्या वादळात मुळासकट येतं.

एकट्याने कधी काम करू नका. खाली एक माणूस असा हवा ज्याला दोराने तुम्हाला उतरवता येतं आणि १०८ ला पत्ता नीट सांगता येतो. तुमचा आणि दोन्ही पोरांचा अपघात विमा काढा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांची आहे, ती आजच करा, पण तेवढ्यावर थांबू नका. हाताखाली माणूस ठेवला की त्याच्या अपघाताची भरपाई कायद्याने तुमच्यावर येते. हे सगळं वहिनींसमोर मांडा, रकमेसकट. दुकानातली नोकरी की झाड, असा वाद घालण्यापेक्षा त्यांना विचारा की यातलं काय केलं तर त्यांना झोप लागेल. त्यांचं उत्तर तुमच्या खरेदीच्या यादीत पहिलं ठेवा.

ठेकेदाराचं काम लगेच सोडू नका. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरपासून, आठवड्याचे दोन दिवस स्वतःची कामं घ्या आणि ते ठेकेदाराला सांगून करा. त्याची गिऱ्हाइकं ओढू नका, नागपूर या बाबतीत लहान गाव आहे. गाडी आत्ता विकत घेऊ नका, खेपेवर भाड्याने लावा. फेब्रुवारीअखेर एका वहीत प्रत्येक कामाची मजुरी, खेपा, आणलेलं ओलं लाकूड आणि मिळालेले पैसे लिहिलेले असतील. मजुरीच्या रकान्यातून, लाकडाचा एक रुपयाही न धरता, तुमची सध्याची रोजी निघत असेल तर मार्चमध्ये सोडा. निघत नसेल तर गाडी घेण्याआधी भाव वाढवा.

वहीत पहिली नोंद त्या कडुनिंबाची करा. मालकांकडे रविवारी जा, पण करवत न नेता. झाड बघा, भिंतीच्या तड्यावर पेन्सिलने रेघ मारून रुंदी आणि तारीख लिहा, आणि छाटणीचा दोन ओळींचा भाव अर्जाच्या कोऱ्या कागदासह त्यांच्या हातात द्या.